झोपेपेक्षा बरी

दर दुसऱ्या मंगळवारी मला एक भाडं असतं,
कुर्टीहून बांबोळी.
फोंड्याच्या स्टँडवर बाकीचे पायलट विचारतात, एवढ्या लांब?
मी म्हणतो, मोतीबिंदू आहे म्हाताऱ्याचा.
मोतीबिंदूला कुणी हसत नाही.

आमच्या मशिदीचे बांगी, दस्तगीरचाचा.
एकवीस वर्षं पहाट त्यांच्या गळ्यातून निघायची,
मागोमाग पोदेराचा भोंगा,
मग हलीमा चहाचं आधण ठेवायची.
गेल्या सफर महिन्यात एका पहाटे
बांग मध्येच थांबली.
अस्सलातु खैरुम मिनन नौम,
नमाज झोपेपेक्षा बरी,
ही ओळ यायची होती.
माइक चालू होता.
सगळ्या वाड्याने अंथरुणात पडल्या पडल्या ऐकलं:
एक श्वास, पंख्याची घरघर, मग खट्.

कुणी म्हणालं नजर. कुणी म्हणालं, तिन्हीसांजेला विहिरीकडे गेले असतील.
कमिटीच्या अमानुल्लाने चांदीच्या पेटीतला ताईत आणला.
मडगावचा जावई फोनवर म्हणाला, ईमान ढिलं पडलं की असंच व्हायचं.
चाचांनी ताईत बांधला.
ईमानही चाचपून पाहिलं, खिशातली किल्ली चाचपावी तसं.
होतं जागेवर.
झोप नव्हती.

"जैनू, अकरा रात्री झाल्या.
जी मला मिळतच नाही
तिच्यापेक्षा दुसरं काही बरं आहे,
हे लोकांना कुठल्या तोंडाने सांगू?"

मला काय उत्तर येणार. मला रस्ते येतात.
म्हटलं, हेल्मेट घाला.

पहिल्या खेपेला म्हार्दोळ सोडल्यावर ते बोलेनासे झाले.
बाणस्तारीच्या पुलावर मागून विचारलं,
इथे पाणी किती खोल असेल रे?
मी डावा हात मागे नेला, त्यांच्या गुडघ्यावर ठेवला,
आणि जुन्या गोव्यापर्यंत एका हाताने गाडी चालवली.
पोलिसाने बघितलं असतं तर पावती फाडली असती.
त्या पुलावर मी अजूनही वेग कमी करत नाही.

पाण्याचं ते मी डॉक्टरणीला सांगितलं,
चाचांच्या समोरच. चाचा फरशीकडे बघत राहिले.
फळदेसाई बाई, काणकोणच्या.
घरात कुणी गेलंय का?
"नाही."
मग बऱ्याच वेळाने:
"बायको. पण त्याला चार वर्षं झाली."
बाईंनी ते लिहून घेतलं नाही. पेन खाली ठेवलं.

निघताना त्यांनीच विचारलं, रमजान कधी लागतो यंदा?
आणि गोळ्यांची वेळ मागे-पुढे करून दिली,
एक इफ्तारनंतर, एक सहरीला.
चाचा जिन्यात म्हणाले, हिला कसं कळलं मी तेच विचारणार होतो?

मौलाना नवे आहेत, बेळगावचे, मिसरूड नुकतंच दाट झालेलं.
एका जुम्म्याला म्हणाले,
आधी उंट बांधा, मग अल्लाहवर भरवसा ठेवा.
आणि थांबून: गोळी घेणं म्हणजे दोरी बांधणं.
आमच्या वाड्यात उंट कुणाकडे नाही.
तरी मागच्या रांगेत दोन-तीन माना खाली गेल्या.

चाचा हल्ली दुपारची बांग देतात.
दुपारच्या बांगेत ती ओळ नसते.
पहाटेची मौलाना देतात, जरा बेसूर.
हलीमा म्हणते, आधण उशिरा उकळतं.
उकळू दे.

काल अमानुल्ला स्टँडवर आला.
बाकीचे पायलट भाड्याला जाईपर्यंत
नुसताच उभा, नारळपाणी पीत,
रिकाम्या शहाळ्यातूनसुद्धा ओढत राहिला.
मग हळूच: "तो मोतीबिंदू... कुठे बघतात?"
कुणाला?
"मुलीला. एकोणीस संपतील आता."
मी म्हटलं, हो. या वयातही होतो.
तिला तुम्ही गाडीने आणा, मी पुढे राहतो.
"रस्ता मला माहीत आहे, जैनू."
मग थोडं थांबून,
"तरी तू पुढे राहा."